सांगलीहून एका दिवसात सातारा: अजिंक्यतारा आणि संग्रहालय, सोबत सासू-सासरे आणि दोन पोरं. कसं जमवावं?

कृष्णाकाठची_सून (सांगली)

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सातारला जायचं घाटतंय, पहाटे निघून रात्री परत. माणसं सहा. आम्ही दोघं, मुलगा पाचवीत, मुलगी पहिलीत आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात पण तुम्ही घरी थांबा म्हटलं तर त्या सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसतील. सासरे मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झालेत, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, कुठल्याही किल्ल्यावर नेलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हितनं मारा कुठवर पोचत असंल रं?" आणि मुलाला वाघनखांनी झपाटलंय. शाळेत चित्र काढलं, पुठ्ठ्याची करून बहिणीला ओरबाडून झालं, आता खरी बघायचीत म्हणून हट्ट.

आमच्या ह्यांनी केलेली यादी ऐका: अजिंक्यतारा, शिवाजी महाराज संग्रहालय, सज्जनगड, कास आणि जमलं तर प्रतापगड. जमलं तर म्हणे! एका रविवारात! मी म्हटलं मग रायगडानं काय घोडं मारलंय, तोही घ्या.

मला एवढंच विचारायचंय की किल्ला आणि संग्रहालय दोन्ही नीट बघून होईल का, आधी काय करावं, गाडी वर कुठवर जाते, आणि संग्रहालयात पहिलीतली पोरगी दहा मिनिटांत "आई चल ना" सुरू करते त्यावर काय इलाज. ज्यांनी घरच्या सगळ्यांना घेऊन केलंय त्यांनी सांगा प्लीज, ट्रेकवाले दादा लोक "सोप्पाय हो" म्हणतात त्यांचं सोप्पं वेगळं असतं.

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

ताई आधी ती यादी फाडा. प्रतापगड सातारपासून जवळजवळ ७५ किमी, सगळा घाट, आणि वर पोचल्यावर पायऱ्या. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांवर अन्याय होईल. कासला फुलं नसताना जाण्यात अर्थ नाही आणि फुलं असतील तेव्हा रविवारी जाण्यात त्याहून अर्थ नाही, गाड्यांच्या रांगेतच दिवस जातो. सज्जनगड वेगळा दिवस काढून करायची जागा आहे.

अजिंक्यताऱ्याला गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते. रस्ता अरुंद आणि वळणाचा, समोरून दुसरी गाडी आली की एकाला रिव्हर्स घ्यावा लागतो, त्यामुळे गाडी कोण चालवणार ते घरीच ठरवा. सकाळी लवकर गेलात तर जागा मिळते. आम्हा सातारकरांचा हा रोजचा चालायचा किल्ला, सहा-साडेसहाला निम्मं गाव वर असतं, आठनंतर ती मंडळी उतरायला लागतात आणि पार्किंग मोकळं होतं. गाडी लावली की दरवाजापर्यंत थोडा चढ आणि पायऱ्या आहेत. आजींना एका हाताला काठी आणि दुसऱ्या हाताला नातू दिला तर सावकाश होईल. पहिल्या दरवाजाच्या आत टेकायला जागा आहे, पुढं नाही जमलं तर तिथं बसूनही त्यांचा किल्ला झाला म्हणायचं. वर मंगळाईचं देऊळ आहे, देवळाचं नाव काढलं की आजी लोकांचे गुडघे बरे होतात हा माझा अनुभव, माझी आईच बघा.

वर खायला-प्यायला काही मिळेल ह्या भरवशावर जाऊ नका. पाणी भरपूर घ्या. सांगलीचं भडंग घ्याच, तुम्हाला सांगायला नको.

आता वाईट बातमी. वाघनखं सातारला नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांसाठी आणली ती जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा आमच्याकडेच ठेवली होती, काय गर्दी विचारू नका, पण नंतर ती नागपूरला गेली, आणि पुढंही राज्यात वेगवेगळ्या ठिकाणी फिरवायची असंच ठरलेलं होतं. सध्या कुठं आहेत त्याची निघायच्या आधी चौकशी करा आणि पोराला सांगलीतच सांगून टाका. काचेच्या कपाटापुढं उभं करून सांगाल तर दिवसाचं वाटोळं.

संग्रहालय एसटी स्टँडजवळच आहे, सोमवारी बंद असतं, तुम्ही रविवारी येताय म्हणजे प्रश्न नाही. माझं मत: सकाळी किल्ला, ऊन चढलं की खाली, जेवण, मग संग्रहालय. दुपारी सावलीतलं काम.

जंग्या_आणि_चर्या

वरच्या क्रमाला माझं अनुमोदन, पण किल्ल्यावर जाऊन काय बघायचं ते आधी ठरवा, नाहीतर लोक काय करतात, दरवाजात फोटो, टॉवरपाशी फोटो, "काहीच नाही राव वर" म्हणत खाली. अजिंक्यताऱ्यावर रायगडासारखं बांधकाम उरलेलं नाही हे खरंय. पण गोष्ट आहे, आणि ती तटावर उभं राहूनच सांगायची गोष्ट आहे.

किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज ह्याच्या काळातला मानतात, म्हणजे बाराव्या शतकाचा शेवट. १६७३ ला महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. तुमच्या पोरांना सांगायची गोष्ट मात्र १७०० सालची. औरंगजेब स्वतः, म्हातारा बादशहा, डिसेंबर १६९९ मध्ये सातारच्या पायथ्याला येऊन बसला. उत्तरेच्या तटावरून खाली बघितलं की करंजे दिसतं, त्या बाजूला त्याची छावणी होती. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. महिन्यामागून महिने गेले, किल्ला पडेना. मधेच मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, तरी ह्यांनी दार उघडलं नाही. शेवटी मोगलांनी खालून सुरुंग खणले. १३ एप्रिल १७०० ला पहिला उडाला, तट कोसळला, आतले बरेच मावळे गेले, प्रयागजी स्वतः देवळाजवळ ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले!! भिंत पडली म्हणून खाली फौज आत घुसायला तयार होऊन उभी, आणि तेवढ्यात दुसरा सुरुंग उडाला तो उलटा, सगळा दगडधोंडा बाहेरच्या बाजूला, त्यांच्याच अंगावर. दोनेक हजार माणूस गेलं असं लिहिलेलं सापडतं. एवढं होऊनही आठवडाभरात, २१ एप्रिलला, किल्ला बोलणी करून द्यावा लागला, कारण वर दाणागोटा संपत आलेला. बादशहानं पोराच्या, आझमशहाच्या नावानं त्याचं आझमतारा केलं. पुढं ताराबाईंच्या लोकांनी परत घेतला आणि अजिंक्यतारा नाव दिलं.

आता तुमच्या आण्णांचा प्रश्न, मारा कुठवर पोचतो. त्यांना उत्तर तटातच सापडेल. जंग्या बघायला सांगा, तटातली ती अरुंद भोकं. त्यात डोळा लावला की कळतं कुठला टप्पा बंदुकीखाली आहे, बऱ्याचदा खालच्या दिशेला तिरक्या कापलेल्या असतात कारण चढून येणारा माणूस खालीच असणार. आणि दरवाजा. दोन्ही बाजूंच्या बुरजांनी कवेत घेतलेला, रस्ता वळून येतो, म्हणजे हत्तीला पळत येऊन धडक मारता येत नाही आणि तोफेला सरळ रेषा मिळत नाही. दाराला टोकदार खिळे असतात ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीला. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत चौकोनी खोल भोक दिसलं की पोराला हात घालायला सांगा, तो अडसराचा. रात्री लाकडी अडसर त्यातून ओढून पलीकडच्या भिंतीत घालायचा, सकाळी परत भिंतीत सरकवायचा. माझ्या भाचीचा खांद्यापर्यंत हात आत गेला होता आणि तोंड बघण्यासारखं झालेलं. (साप-विंचू आधी काठीनं बघा हां.)

सासूबाईंसाठी वेगळी गोष्ट. १७५० साली ताराबाईंनी ज्याला स्वतःचा नातू म्हणून गादीवर आणलं त्या रामराजाला ह्याच किल्ल्यावर कोंडून ठेवलं. पेशव्यांच्या मुठीत गेला म्हणून. तेव्हा ताराबाईंचं वय पंचाहत्तरच्या आसपास. किल्ल्यावर ताराबाईंचा वाडा म्हणून अवशेष दाखवतात, तिथं ही गोष्ट सांगा आणि आजी-नातवाकडं बघा.

पितळी_दौत

मी उलटं सांगते. आधी संग्रहालय, मग किल्ला. उन्हाचं कळतं मला, पण लहान पोरांनी शस्त्रं बघितलेली नसतील तर किल्ला म्हणजे नुसती दगडाची भिंत. एकदा तोड्याची बंदूक (पेटत्या वातीनं उडवायची ती) बघितली, तिची लांबी बघितली, मग जंगीत डोळा लावला की डोक्यात पेटतं. नाहीतर जंगी म्हणजे भोक.

आणि "आई चल ना" वर इलाज म्हणजे सगळं दाखवायचं नाही. संग्रहालयातलं प्रत्येक लेबल वाचणारे बाप बघितलेत मी, पोरगं लोंबकळतंय हाताला आणि हे नाण्यांची सनावळी वाचतायत मोठ्यानं. तीन-चार वस्तू ठरवा, त्यांच्यापुढं बसा, बाकीच्या चालता चालता.

एक, दांडपट्टा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं तो राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलाय, पोराला जीकेला येईल. पण बघायचं काय तर मूठ. तलवारीची मूठ आपण हातात धरतो, पट्ट्यात हातच आत जातो, कोपराच्या खालपर्यंत लोखंडी खोबळा असतो आणि मूठ आतमध्ये आडवी. म्हणजे मनगट वळतच नाही. सगळं खांद्यातून आणि कमरेतून फिरवायचं. घरी पोराच्या मनगटाला फूटपट्टी बांधून फिरवायला लावा म्हणजे कळेल किती अवघड आहे (बहिणीला लांब ठेवून). प्रतापगडाच्या भेटीत सय्यद बंडा पट्टा घेऊनच धावला होता आणि जिवा महालानं त्याचा हात वरच्या वर कापला, होता जिवा म्हणून वाचला शिवा.

दोन, चिलखत. लांबून स्वेटर वाटतं. जवळ जाऊन एकेक कडी बघायला सांगा, प्रत्येक कडी शेजारच्या कड्यांत अडकवून बंद केलेली. मुलीला कड्या मोजायला लावा, पहिलीतली पोरं मोजायला लागली की थांबत नाहीत, तेवढ्यात तुम्ही एक चक्कर मारून याल.

तीन, तलवारींचे प्रकार. सरळ पात्याची धोप, वाकडी तलवार, आणि फिरंग म्हणजे जिचं पातं युरोपातून आलेलं आणि मूठ इथली. आण्णांना फिरंग दाखवा, फौजी माणसाला इंपोर्टेड मालाची गोष्ट लगेच पटते.

वाघनखांचं म्हणाल तर नसली तरी गोष्ट सांगताच येते, आणि उलट जास्त चांगली सांगता येते. ती लंडनला गेली कशी? १८१८ मध्ये इंग्रजांनी सातारा घेतल्यावर जेम्स ग्रँट डफ इथं रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणून आला, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. त्याच्याकडून ती घराण्यात गेली आणि नातवानं म्युझियमला दिली. त्या वाघनखांच्या पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे, त्यात महाराजांनी ह्यांनी मोगल सरदाराला मारलं असं लिहिलंय. आता पाचवीतल्या पोराला विचारा, अफझलखान कुणाचा सरदार? विजापूरच्या आदिलशाहीचा! पेटीवरच घोळ. आणि ही तीच वाघनखं असं खात्रीनं सांगता येत नाही असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं. माझ्या पुतण्याला हे कळल्यावर तो वाघनखांपेक्षा पेटीच्या मागं लागला.

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

दौततै मुद्दा मान्य, पण उन्हाळ्यात दुपारी दोनला अजिंक्यताऱ्यावर पहिलीतली पोरगी आणि गुडघेवाल्या आजी? तुम्ही उचलणार का? वर सावली म्हणजे देऊळ आणि दरवाजा, बस. हवं तर आदल्या रात्री मोबाईलवर पोरांना शस्त्रांची चित्रं दाखवा, पण चढायचं सकाळीच.

पितळी_दौत

पावसाळा-हिवाळ्यात माझा क्रम, उन्हाळ्यात तुमचा. मोबाईलवरच्या चित्रानं काही होत नाही, पट्टा बोटभर दिसतो त्यात.

मिरजेचा_सतारवाला

सांगलीहून सातारला कशाला जाता राव एवढं, पन्हाळा निम्म्या अंतरावर. गाडी सगळीकडं फिरते, आजींना खाली उतरायचं नसेल तर नाही उतरल्या तरी चालतं. अंधारबाव, सज्जाकोठी, तीन दरवाजा, अंबरखाना, सगळं शाबूत. अंबरखान्याची कोठारं बघितली की वेढ्यात किल्ला कसा तग धरतो ते पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. सिद्दी जौहरनं १६६० ला मार्चपासून वेढा घातला तो जुलैत महाराज निसटेपर्यंत, म्हणजे चार महिने. आणि २०२५ मध्ये युनेस्कोनं जे १२ किल्ले घेतले त्यात पन्हाळा आहे, प्रतापगड आहे, अजिंक्यतारा नाही. राग मानू नका सातारकर.

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

राग कसला, पण मराठ्यांची राजधानी होती ओ ही. १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथंच झाला, खालचं गाव त्यांनी वसवलं. युनेस्कोचा शिक्का नसला म्हणून काय तट हलका होतो का. आणि पन्हाळ्याला रविवारी जाऊन बघा एकदा, कणसं आणि घोडेस्वारी ह्यातून तीन दरवाजा दिसला तर मला फोटो पाठवा.

कृष्णाकाठची_सून (सांगली)

बापरे एवढं सगळं! सगळ्यांना थँक्यू. पन्हाळा आमचा झालाय, सांगलीवाल्यांची शाळेची सहल दुसरी कुठं जाते. यादी फाडली, ह्यांना हा धागा वाचायला दिला, "बरं" एवढंच म्हणाले, म्हणजे पटलंय.

पोराला वाघनखांचं सांगितलं. पाच मिनिटं तोंड फुगवून बसला आणि मग पेटीचा घोळ सांगितल्यावर "म्हणजे त्यांना इतिहासात मार्क कमी पडले असते" असं म्हणून खूश. आता तो सगळ्यांना अफझलखान कुणाचा सरदार विचारत फिरतोय. शेजारच्या काकांना आलं नाही.

आण्णांचा मात्र वेगळा हट्ट निघालाय. त्यांच्या पलटणीतले एक जण अपशिंग्याचे होते, ते गाव वाटेतच आहे म्हणे, तिथं थांबायचंय. ते मिलिटरी अपशिंगे म्हणतात तेच का? पोरांना घेऊन तिथं बघण्यासारखं काही आहे का, का आण्णांना सोडून आम्ही चहा पीत बसायचं?

निवृत्त_हवालदार

ताई, तेच गाव. अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात, कारण जवळजवळ प्रत्येक घरातला माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात ह्या एका गावातले ४६ जण कामी आले. इंग्रज सरकारनं त्यांच्या आठवणीसाठी गावात शिळा बसवली, ती आहे. संग्रहालय नाही, तिकीट नाही, गाईड नाही. गाव आहे, माणसं आपापल्या कामात असतात, तेव्हा आरडाओरडा न करता जायचं, शिळेपुढं चप्पल काढून उभं राहायचं.

चहा पीत बसू नका. पोरांना आजोबांबरोबर पाठवा. किल्ल्यावर तुम्ही त्यांना तीनशे वर्षांपूर्वीचा मावळा दाखवणार, इथं त्याच मातीतला माणूस परदेशात कुणाच्या लढाईसाठी गेला ते आजोबा सांगतील. ते कमी बोलणारे असतील तर अजून बरं. तुमच्या मुलाला फक्त एवढं सांगा की आजोबांना "तुम्ही कुणाला मारलं का" असं विचारू नकोस. प्रत्येक पोरगं विचारतं. त्यापेक्षा जेवण काय मिळायचं ते विचार म्हणावं, आम्ही त्यावर दोन तास बोलतो.

हायवेवरून आत वळावं लागतं, फार लांब नाही. परतीच्या वाटेवर ठेवा, अंधार पडायच्या आत. आण्णांच्या दोस्तांना आधी फोन करा, फौजी माणसाच्या घरी न सांगता गेलात तर तो जेवल्याशिवाय सोडत नाही आणि तुमचा सांगलीचा टाईम बोंबलला.

आणि पोरगा एवढा किल्लावेडा असेल तर सातारची सैनिक स्कूल बाहेरून दाखवा. १९६१ ची, देशातली पहिली. सहावीला प्रवेश परीक्षा असते. मी काही म्हणत नाही, बघा आपलं.

जंग्या_आणि_चर्या

हवालदार साहेब, सलाम. जेवणाचं भारी सांगितलंत.

सूनताई, वेळ उरला तर एक चार भिंती राहू दे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यालाच आहे, किल्ल्यावरून उतरताना पाच-दहा मिनिटांत होतं. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज, त्यांच्या काळात बांधलेली जागा, तिथून दसऱ्याची मिरवणूक बघायचे असं सांगतात, आता तिथं १८५७ च्या लोकांचं स्मारक आहे. त्याच प्रतापसिंहांना १८३९ ला इंग्रजांनी गादीवरून काढून काशीला पाठवलं, आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन चौदा वर्षं राहिले. चौदा वर्षं, परक्या देशात, खटला चालवत, आणि हाती काही लागलं नाही. १८४८ ला डलहौसीनं राज्यच खालसा केलं. संध्याकाळी तिथं कॉलेजची पोरं सेल्फी काढत असतात, त्यांना ह्यातलं काही विचारू नका, उगाच बीपी वाढायचं. सकाळी मोकळं असतं.

गड_उतार

कुणीतरी हे पण लिहा की वर जाऊन तटावर नावं कोरू नका. बदामातला बाण बघून बघून डोळे दुखले. आणि स्पीकर. देवळापुढं एक ग्रुप स्पीकर लावून बसलेला, आजूबाजूच्या आज्जीबाई प्रदक्षिणा घालतायत गाण्याच्या ठेक्यावर. आपला कचरा आपल्या गाडीत, भडंगाच्या पिशव्यांसकट. सांगलीवाल्यांना मुद्दाम सांगतोय.

कृष्णाकाठची_सून (सांगली)

@गड_उतार भडंगाची पिशवी आमच्या घरी धुऊन परत वापरतात, काळजी नसावी 😄

मग असं ठरलंय. साडेचारला निघायचं, आष्टा-इस्लामपूर-पेठ नाका करून हायवे, कराडला उड्डाणपुलाच्या कामाचा घोळ असेल म्हणून अर्धा तास जास्त धरलाय. साडेसात-आठपर्यंत अजिंक्यतारा. सासूबाई मंगळाईपर्यंत जाणार म्हणजे जाणारच, काल गुडघ्याला तेल लावून सराव म्हणून जिना दोनदा चढल्यात. सुरुंगाची गोष्ट मी सांगणार, ताराबाईंची ह्यांनी सांगायची (मुद्दाम त्यांना दिलीय). उतरताना चार भिंती, मग जेवण, मग संग्रहालय, पट्टा आणि चिलखत आणि फिरंग एवढंच, मुलीला कड्या मोजायला बसवणार. चार वाजता सातारा सोडून अपशिंगे. आण्णांनी फोन लावला, समोरून "या, पण जेवूनच जायचं" असा निरोप आलाय, त्यामुळे रात्री सांगलीत कधी पोचू माहीत नाही.

एकच राहिलं. कंदी पेढे कधी घ्यायचे? सकाळी घेतले तर किल्ल्यावरच संपतील, संध्याकाळी विसरतील.

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

संग्रहालयातून निघालात की गावातच घ्या, हायवेवरच्या पाटीवर जाऊ नका, आणि पाव किलो जास्त. अपशिंग्याला रिकाम्या हातानं जाणार का?

निवृत्त_हवालदार

अर्धा किलो जास्त घ्या. पलटणीतला दोस्त आहे, शेजारची दोन घरं पण येणार भेटायला.